एका जागी बसणारा मासा

टाकी आली कळंगुटच्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून,
दोनशे लिटरची, एका कोपऱ्याला ओरखडा.
चौघांनी मिळून पर्वरीच्या आमच्या दुसऱ्या मजल्यावर चढवली
तेव्हा बाबांनी तिच्या कडा चाचपल्या आणि विचारलं,
'ह्यातलं नुस्तं रांधायचं, की बघायचं?'
बघायचं, मी म्हटलं,
आणि जीभ चावली.

दीड महिना तिच्यात एकही मासा नव्हता.
म्हापशाचे बोनिफास बाब घाई करू देईनात.
आधी दगड जिवंत होऊ दे, म्हणाले,
पाण्यालाही नांदायची सवय लागते.
रोज रात्री मी नळीत थेंब टाकायची,
हिरवा, फिकट हिरवा,
आणि एका मंगळवारी एकदाचा पिवळा.

मीठ मात्र पुडक्यातलं, जर्मनीचं.
आगरवाड्याच्या माणसाच्या घरात विकतचं मीठ!
चाळीस वर्षं मानस उघडून
भरतीला आत घेणाऱ्या बाबांनी
बोट बुडवलं, चाटलं.
'उणं आहे.'
मी यंत्र डोळ्याला लावलं. एक हजार बावीस.
हवं होतं पंचवीस.

बाजारात मासा कसा घ्यायचा ते आई शिकवून गेली:
कल्ला लाल हवा, डोळा वर आलेला,
दाबल्यावर बोटाचा खड्डा राहता कामा नये.
बोनिफास बाबांच्या दुकानात
काचेला बोट लावलं की सगळं बाजारच पळून जायचं.

तो निळा? 'टँग. वर्षात वीतभर होईल,
तुझ्या टाकीत येरझाऱ्या घालून वेडा होईल.'
तो पिसाऱ्याचा? 'तो एकटाच राहतो.
म्हणजे, बाकीचे संपल्यावर.'
डॅमसेल स्वस्त होता, चिवट होता,
पण आधी सोडला तर टाकीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर
आपलंच नाव चढवून मोकळा होतो म्हणे.
मँडरिनपाशी मी फार वेळ उभी राहिले.
देवळातल्या जुन्या पडद्यासारखं अंग.
'जिवंत किडेच वेचून खातो, बाय.
तुझ्या घरी तो सावकाश उपाशी मरेल
आणि शेवटपर्यंत देखणा दिसेल.'
आणि तो लालसर शेपटीचा, बाणासारखा?
'झाकण विसरलीस की सकाळी लादीवर सुकट.'

मग मी सांगितलं.
बाबांना काचबिंदू आहे.
कडांनी सगळं गेलंय, मधोमध उरलंय
बांबूच्या नळीतून दिसावं तेवढं.
पोहणारा मासा त्यांना सापडतो आणि लगेच हरवतो.
बोनिफास बाबांनी हातातली जाळी खाली ठेवली.
'असं आधी बोलायचं,' म्हणाले,
आणि मला तळाशी वाकायला लावलं,
जिथे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

वाळूच्या रंगाचा, चार बोटं लांब,
बिळाच्या तोंडाशी हनुवटी टेकून बसलेला गोबी.
सगळ्यात कमी देखणा. आणि जोडीला एक झिंगा,
पैसे वेगळे.

घरी आल्यावर दोघे गायब झाले, चार दिवस.
मी खुर्ची टाकीसमोर ठेवून
तिच्या पायांभोवती लादीवर खडूने खुणा केल्या.
बाबा जेवण झालं की येऊन बसायचे
आणि रिकाम्या वाळूकडे
मिठावर ऊन चढताना पाहावं तसं पाहायचे.

पाचव्या दिवशी स्वयंपाकघरात ऐकू आलं,
'बसलाय.'
मी हात न पुसताच धावले.
'डोळे मोठे आहेत गे त्याचे.
आणि मागून कोण येतंय?'
झिंगा, बाबा. त्याला फारसं दिसत नाही.
मिशी माशाला टेकवून ठेवतो,
मासा हलला की आत पळतो.
बाहेर कसला येतो?

मी उत्तर द्यायच्या आधीच
झिंग्याने पंजाभर वाळू आणून
दारात टाकली, परत वळला.
बाबा पुढे झुकले. कपाळ काचेला लागलं.
'गाळ काढतोय,' ते म्हणाले.
बराच वेळ पाहिलं.
'बांध मात्र कच्चा घालतोय.'